देणगी, वायरीसकट

आमच्या मामांनी आजवर एकही माणूस पाहिलेला नाही. त्यांनी पाहिले ते फक्त देणगीदार. काही देऊन झालेले, काही अजून द्यायचे, आणि काही असे, की आपण देणार आहोत याची ज्यांना स्वतःलाच कल्पना नाही. माझं लग्न जमत होतं तेव्हा मुलीकडची मंडळी मला बघायला जळगावला आली होती. बाकीचे लोक माझी नोकरी, घर, उंची वगैरे बघत होते. कोपऱ्यातले एक गृहस्थ मात्र टेबलावरच्या माझ्या कॉम्प्युटरकडे एकटक बघत होते. पोहे झाले, चहा झाला, आणि निघताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हा जुना झाला की काय करणार?" मी म्हटलं, अजून काही विचार केलेला नाही. "करू नका," ते म्हणाले, "मी केला आहे." लग्नाची तारीख नंतर केव्हातरी ठरली, कॉम्प्युटर कुठे जाणार हे त्या दिवशीच ठरलं.

ते माझ्या बायकोचे सख्खे मामा, म्हणजे रीतीने माझे मामेसासरे. राहायला धुळ्याला, देवपुरात. नोकरी मात्र सगळी शिंदखेडा तालुक्यातल्या एका लहानशा गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर म्हणून झाली. निवृत्त झाले तेव्हा गावाने टॉवेल-टोपी आणि नारळ देऊन, मामींची ओटी भरून, साश्रू नयनांनी वगैरे निरोप दिला. पुढच्याच आठवड्यात मामा सकाळच्या एस्टीने पुन्हा गावात हजर. लोकांना वाटलं, काही विसरलं असेल. विसरलं काहीच नव्हतं. शाळेच्या पत्र्याखाली पंखा नाही, ही गोष्ट त्यांना देवपुरातल्या पंख्याखाली झोपू देत नव्हती, एवढंच. मग पंखे आले. पंख्यांनंतर पाण्याची टाकी आली, टाकीनंतर कॉम्प्युटर आले. आणि त्यानंतर मामांच्या डोक्यात जो शिरला तो भिंतीवरचा मोठा स्क्रीन. कंपन्यांच्या भाषेत त्याला स्मार्ट क्लासरूम म्हणतात. मामांच्या भाषेत 'मोठा टीव्ही'.

हे नुसतं खूळ नव्हतं. त्याच सुमारास गावात तालुक्याच्या एका इंग्रजी शाळेची पिवळी बस यायला लागली होती. तिथे भिंतीवर चित्रं हलतात आणि बाई त्या चित्रांवर बोट ठेवून शिकवतात, ही बातमी गावभर झाली होती, आणि लोक मुलांचे दाखले मागायला शाळेत येऊ लागले होते. पट आणखी घसरला असता तर वरचे वर्ग बंद झाले असते. मामांना त्यातली खरी गोम माहीत होती. बसचे पैसे घरातल्या मुलासाठी निघतात, मुलीसाठी निघत नाहीत. गावातली शाळा सातवीपर्यंत आहे म्हणून मुलगी सातवीपर्यंत शिकते. चौथीपर्यंत झाली तर चौथीत संपते. "बस पोरांना घेऊन जाईल," मामा म्हणायचे, "आणि पोरी हात हलवत उभ्या राहतील." बाकी कुठल्याही विषयावर त्यांच्याशी थट्टा चालायची. या वाक्यावर कुणी हसत नसे.

आमच्या खानदेशात जावयाचा मान मोठा. मामांनी तो कधी कमी पडू दिला नाही. जळगावात मेहरूणला आमच्या घरी येताना ते माझ्यासाठी दोंडाईच्याची मिरची आणत, मला "जवाईबापू" म्हणत, मी बसल्याशिवाय स्वतः बसत नसत, आणि मी बसलो की माझ्या मांडीवर लॅपटॉप ठेवत. कारण कंपन्यांकडून शाळेसाठी निधी मिळवायचा तर अर्ज इंग्रजीतून करावा लागतो, आणि मी विमा कंपनीत असल्यामुळे कुणालाही कळणार नाही असं इंग्रजी मला उत्तम येतं, अशी त्यांची खात्री होती. ते सांगत, मी टाइप करत असे. अर्जात एक रकाना हमखास असतो: तुमच्या विद्यार्थ्यांच्या समस्या सांगा. तिथे आमचं भांडण ठरलेलं. मी लिहायचो की मुलं गरीब आहेत, वंचित आहेत, संधीअभावी मागे पडली आहेत. मामा वाचून घ्यायचे आणि अहिराणीत म्हणायचे, "खोडा. आमना पोरे बिचारा नही शेतस." मग त्यांच्या सांगण्यावरून मी लिहायचो की मुलं हुशार आहेत, मुली त्यांच्याहून हुशार आहेत, कापूस वेचून आल्यावरसुद्धा कविता पाठ म्हणतात, आणि त्यांना मोठा टीव्ही मिळाला तर कंपनीचंच नाव होईल. अर्थात समस्येच्या रकान्यात एकही समस्या नसलेला असा अर्ज कुठलीच कंपनी मंजूर करत नसे.

फोटोंचं तसंच. एका संस्थेने मुलांचे फोटो मागवले. त्यांना काय हवं असतं हे आता सगळ्यांनाच माहीत आहे: फाटका गणवेश, अनवाणी पाय, मोठे डोळे. मामांनी फोटोच्या दिवशी गावात निरोप धाडला की मुलांना अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घेतलेले कपडे घालून पाठवा. फोटोत मुलींच्या केसांत गजरे, मुलांच्या डोळ्यांवर काळे चष्मे, आणि एक पोरगा तर थेट आजोबांचा फेटा बांधून उभा. संस्थेने कळवलं की आपला अर्ज फार आवडला, पण आम्ही गरजू शाळांना प्राधान्य देतो. मी फोटो परत काढू या म्हटलं. मामा म्हणाले, "फोटो एकदाच निघतो, जवाईबापू. ही पोरं मोठी झाली की तो पाहतील. आपण भिकारी दिसत होतो असं त्यांना वाटायला नको."

कंपन्या दाद देत नव्हत्या, म्हणून मामांचं काम अडलं होतं असं मात्र समजू नये. त्यांची स्वतःची पद्धत होती. आमच्याकडे माणूस गेला की गंधमुक्तीला, म्हणजे सुतक फिटायच्या दिवशी, लांबलांबून लोक येतात. मामा सगळ्यांच्या गंधमुक्तीला जात. ओळख असली तर जात, नसली तर तिथे करून घेत. पण त्या दिवशी शाळेचा श तोंडातून काढत नसत. नुसते बसायचे, गेलेल्या माणसाबद्दल विचारायचे. काय खायला आवडायचं, रागीट होते का, बैलांची नावं काय ठेवली होती. महिना-दीड महिना लोटला की मग एक दिवस त्या घरी जाऊन मुलांना म्हणायचे, "आबा जिता व्हतात तवय शाळा दखी नही. आते तरी बसू द्या त्यासले शाळामा." यावर नाही म्हणालेला मुलगा मी अजून पाहिला नाही. मग कॉम्प्युटर यायचा आणि त्यावर पेंटर पांढऱ्या अक्षरांत लिहायचा, अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ. परिणाम असा झाला की शाळेतला प्रत्येक कॉम्प्युटर त्या त्या नावानेच ओळखला जाऊ लागला. मी पहिल्यांदा शाळेत गेलो तेव्हा एक मुलगी धावत येऊन मॅडमना सांगत होती, "मॅडम, भिकननाना परत हँग झाले." मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बंद करून पुन्हा चालू कर. आणि ठोकू नको त्यांना." दगडूआबांचा आवाज गेला होता, गावकरी सांगत की तो जिवंतपणीही फारसा नव्हता. सखुबाई जरा हळू चालत, पण त्यांनी कधी कुणाला दगा दिला नाही.

व्यापाऱ्यांसाठी पद्धत वेगळी. जळगावच्या दाणाबाजारात एक मारवाडी शेठजी आहेत. त्यांच्या गादीवर सकाळी कुणी काही मागायला गेलं तर ते त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत, कारण बोहनी व्हायची असते. मामांनी हे ओळखलं होतं. ते सकाळी सकाळी जात आणि स्वतःच बोहनी करत: पाव किलो तूरडाळ. मग डाळ मांडीवर ठेवून गप्प बसत. शेठजी विचारत, और कुछ? मामा म्हणत, काही नाही, सहज. असे ते वरचेवर सहज बसून येत. मामींच्या स्वयंपाकघरात पाव-पाव किलोच्या पुड्यांची रास लागली. मामी म्हणायच्या, या डाळीचं वरण केलं तर गंधमुक्तीची सगळी मंडळी जेवतील. अखेर एक दिवस शेठजींनीच हात टेकले. "मास्टरजी," ते म्हणाले, "आप दाल लेने आते हो तो मुझे नींद नहीं आती. बोलिए, क्या चाहिए." मामांनी रोख पैशाला आयुष्यात हात लावला नाही, त्यांनी वस्तू मागितली. वीज गेली तरी कॉम्प्युटर चालावेत म्हणून इन्व्हर्टर. शेठजींनी इन्व्हर्टर दिला, बॅटरी दिली, आणि बसवायला माणूसही पाठवला. त्यानंतरही मामा डाळ आणायला जात राहिले. उपकार झाल्यावर दुकान बदलणं त्यांना शोभलं नसतं.

वस्तूच्या बाबतीत त्यांचा एक नियम लोखंडासारखा होता. एकदा कुठल्याशा मोठ्या ऑफिसने शाळेला प्रोजेक्टर दिला. हारतुरे झाले, फोटो झाले, साहेब गेले, आणि मग लक्षात आलं की सोबत वायरच नाही. ती वायर धुळ्यात मिळेना, जळगावात मिळेना, ऑफिसात फोन केला तर ज्यांनी दिला त्यांची बदली झालेली. प्रोजेक्टर कपाटात बसून राहिला आणि त्याच्यामागे पालींनी संसार थाटला. तेव्हापासून मामा म्हणू लागले, वस्तू देतो तो अर्धा दाता, वायर देतो तो पुरा. कुणी कितीही मोठी देणगी घेऊन आलं तरी आधी आभार नाहीत, नमस्कार नाही, पहिला प्रश्न, "चार्जर आनेल शे का?" वरणगावला एका लग्नात मांडवात त्यांचा टॉवेल-टोपी देऊन सत्कार झाला, तेव्हा शेजारी बसलेल्या माझ्या बायकोने हळूच विचारलं, "मामा, याचा चार्जर?" मामा हसले नाहीत. सत्काराचे टॉवेल ते शाळेत नेत आणि कॉम्प्युटरवर झाकत. धुळीचा मुलूख आहे आमचा. भिकननाना, सखुबाई, दगडूआबा, सगळे सुट्टीच्या दिवशी लग्नाचे टॉवेल पांघरून बसलेले असत.

पण मोठा टीव्ही गंधमुक्तीतून येण्यासारखा नव्हता. तो भिंतीएवढा हवा, त्याच्यासोबत धडे हवेत, मॅडमना शिकवायला माणूस हवा. हे एखाद्या कंपनीलाच परवडणारं काम. आणि अखेर मुंबईच्या एका कंपनीने आमचा अर्ज बाजूला काढला. समस्येच्या रकान्यात एकही समस्या नाही हे पाहून तिथल्या एका मॅडमना कुतूहल वाटलं, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. त्या स्वतः शाळा बघायला येणार होत्या. योजना साधी होती: ज्या शाळेत पडद्यावर शिकवायची कसलीच सोय नाही, तिला सगळं द्यायचं. आमच्या शाळेत ती सोय नव्हतीच, बिनवायरीचा प्रोजेक्टर काही सोय म्हणून धरता येत नाही. म्हणजे फक्त त्यांनी येऊन रिकामी भिंत बघायची होती. मामांनी गावात फोन केला आणि एवढंच सांगितलं, "पाहुणी येतेय. शाळा चांगली दिसली पाहिजे."

मी गाडी घेतली. धुळ्याहून मुंबईच्या मॅडमना आणि मामांना बसवलं आणि आम्ही निघालो. वाटेत पिवळी बस आमच्या समोरून गेली तेव्हा मामांनी मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. गावात शिरलो तर वेशीपासून शाळेपर्यंत सडा-रांगोळी. मुलं अखाजीच्या कपड्यांत. बायका ठेवणीतली लुगडी नेसलेल्या. वर्गाचं दार उघडलं आणि मी जागच्या जागी थांबलो. वर्गात टीव्ही होते. एक नाही, दोन नाही, भिंतीला लागून बाकांवर ओळीने मांडलेले टीव्ही. एकावर विणलेलं कव्हर, एकावर शुभ-लाभ, एकाच्या डोक्यावर नवरा-नवरीचा फोटो तसाच. एकात पेन ड्राइव्ह लावून भजन चालू होतं. बाकीच्यांचा नुसता निळा उजेड पडला होता आणि त्या उजेडात अख्खी पंचक्रोशी अभिमानाने उभी होती.

काय झालं ते माझ्या ध्यानात आलं. पाहुणी येणार म्हटल्यावर लोकांनी घरोघरचे टीव्ही उचलून शाळेत आणले होते. यात फसवाफसवीचा लवलेश नव्हता. आमच्याकडे सोयरे येणार असले की शेजारच्या घरातून खुर्च्या येतात, सतरंजी येते, कपबशा येतात, आणि घर भरलेलं दिसतं. पाहुण्याला रिकामं घर दाखवणं म्हणजे त्याचा अपमान, असं मानणारी ही माणसं. शाळा चांगली दिसली पाहिजे, असं खुद्द मास्तरांनी सांगितलं होतं. ती इतकी चांगली दिसत होती की आता तिला कुणी काही देण्याची शक्यताच उरली नव्हती.

मुंबईच्या मॅडम भल्या होत्या. त्यांनी एकेक टीव्ही कौतुकाने पाहिला. "सगळे वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत?" त्यांनी विचारलं.

"वेगवेगळ्या वेळी आले," मामा म्हणाले. मामा खोटं कधी बोलत नाहीत. खरं किती बोलायचं तेवढं ठरवतात.

"कुणी दिले?"

"गावाने."

मी मामांचा हात धरून त्यांना व्हरांड्यात आणलं. म्हटलं, मामा, आत्ताच्या आत्ता सांगा त्यांना की हे घरोघरचे टीव्ही आहेत, संध्याकाळी परत जाणार आहेत. नाहीतर हातचं गेलं. मामा खिडकीतून आत बघत होते. आत कुणीतरी मॅडमना पाणी देत होतं, कुणी टीव्हीवरची धूळ पदराने पुसत होतं. "तिना समोर सांगू?" ते म्हणाले. "बठ्ठं गाव खोटं पडी." मी म्हटलं, सगळं गाव खोटं पडेल हे खरं, पण पोरींचं काय? इतकी वर्षं लोकांच्या दारात न लाजता बसलेला हा माणूस, त्या क्षणी एक वाक्य बोलला असता तर सगळं मिळालं असतं. ते वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडेना. मला त्यांचा राग आला, आणि त्याच वेळी मला असंही वाटलं की यांच्या जागी मी असतो तर मी बोललो असतो, आणि गावाच्या नजरेला नजर द्यायला पुन्हा कधी धजावलो नसतो.

जेवायला भरीत-पुरी होती. मॅडम पोटभर जेवल्या. निघायच्या आधी त्या मामांना म्हणाल्या, "सर, इतकी सुंदर शाळा मी पाहिलेली नाही. पण आमची योजना ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्यासाठी आहे. तुमच्याकडे सगळंच आहे." मामांनी हात जोडले. मॅडमना शिंदखेड्याहून पुढे रेल्वेने जायचं होतं. सरपंचांची गाडी त्यांना सोडायला गेली, आणि लोक आपापले टीव्ही न्यायला वर्गात आले. सगळे खुशीत होते. मॅडम जेवल्या, मॅडम हसल्या, म्हणजे काम झालं, असाच सगळ्यांचा समज होता.

शाळेला लागूनच जानकीअक्कांचं घर आहे. नवरा गेलेला, मुलगा सुरतेला कामाला. त्याने घेऊन दिलेला टीव्ही एवढीच त्यांना घरात सोबत. आपल्या टीव्हीच्या शेजारी बाकावर त्या बसल्या होत्या. त्यांनी मामांना सरळ विचारलं, "मंजूर व्हयनं का, मास्तर?"

मामा म्हणाले, "नही व्हयनं, अक्का."

"कसाले?"

"त्या म्हनतीस, तुमना शाळामा बठ्ठं शे."

ज्याने टीव्ही उचलला होता त्याने तो पुन्हा बाकावर टेकवला. सगळ्यांना एकदमच कळलं असावं. कुणीतरी खाली मान घातली. जानकीअक्कांनी आपल्या टीव्हीवरचं विणलेलं कव्हर काढलं, घडी करून कमरेला खोचलं आणि त्या उठल्या.

"पाव्हनी सांगी गई, शाळामा टीव्ही शे," त्या म्हणाल्या. "मंग राहू द्या. तिना शब्द कसाले खोटा पाडतस?"

आणि त्या घरी गेल्या. सगळ्यांनी काही टीव्ही सोडले नाहीत. बऱ्याच जणांनी नेले आणि त्यात गैर काही नव्हतं. घरात म्हातारी माणसं असतात, पोरंबाळं असतात. पण जानकीअक्कांचा राहिला, आणखी दोन-तीन घरांचे राहिले, आणि एकाने त्या दिवशी नेलेला दुसऱ्या दिवशी आणून दिला, सोबत रिमोट आणि वायर. मामांनी वायर आधी पाहिली आणि मग त्याला नमस्कार केला. सातवीच्या मॅडमनी आपला फोन त्या टीव्हीला जोडला, फोनमधले धडे टीव्हीवर दिसायला लागले, आणि आमच्या शाळेतही चित्रं हलू लागली. भिंतभर नाही, बाकावरच्या टीव्हीएवढी. पण पोरं बोट ठेवून दाखवू लागली. दाखले मागायला आलेल्यांपैकी काही जण परत फिरले, काही गेलेच. सातवीचा वर्ग अजून चालू आहे. त्यात मुली जास्त आहेत.

पेंटर नेहमीप्रमाणे नावं लिहायला आला तेव्हा जानकीअक्कांपाशी अडला. जिवंत माणसाच्या स्मरणार्थ कसं लिहायचं? मामा म्हणाले, थांबू या. अक्का म्हणाल्या, "आतेच लिखी टाका. मी मरी गऊ मंग माले कसं दखाई?" पेंटर म्हणाला, पण अक्का, तुमले वाचता कोठे येस? "पोरे वाचतीन," अक्का म्हणाल्या, "ते माले आयकू येई." दुपारी त्या शाळेच्या पायरीवर येऊन बसतात. आत पोरं ओरडतात, मॅडम, आज अक्का लावा. अक्का बाहेरून म्हणतात, लावा.

त्यानंतर मामांच्या मागण्या बदलल्या. टीव्ही चालायचा तो फोनवर, आणि मॅडमचा एकच फोन किती वर्गांना पुरणार? म्हणून मामा जुन्या फोनांच्या मागे लागले. नवा फोन घेतलेला माणूस त्यांना वासावरून कळत असे. लग्नात, एस्टीत, दवाखान्यात, समोरच्याच्या हातात चकचकीत फोन दिसला की ते आपुलकीने विचारत, "नवा घेतला का? वा. जुना कोठे शे?" माझे, माझ्या बायकोचे, आमच्या शेजाऱ्यांचे, शेजाऱ्यांच्या पाहुण्यांचे फोन त्या गावी गेले. मेहरूणच्या तलावावर फिरायला येणारे माझे मित्र मामा येणार असले की आपले फोन खिशात घालत. मामा त्यांच्याकडे बघून नुसते हसत. खिशातला फोनसुद्धा त्यांना दिसतच असे.

गेल्या दिवाळीनंतर मामांना झटका आला. मोठा नव्हता, डॉक्टर म्हणाले हळूहळू सुधारेल. डावा हात तेवढा अजून साथ देत नाही आणि बोलणं थोडं जड झालं आहे. मामी आता नाहीत. मुलगा-सून चांगलं बघतात. आम्ही धुळ्याला भेटायला गेलो तेव्हा ते देवपुरातल्या घरी गॅलरीत खुर्चीवर बसले होते. बायकोने त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तिची विचारपूस केली, माझी केली, रस्ता कसा आहे ते विचारलं. मी माझा फोन समोरच्या स्टुलावर ठेवला. नवा होता, आदल्याच आठवड्यात घेतलेला. मामांची नजर त्यावर गेली, थोडा वेळ तिथे थांबली. मी उत्तर तयार ठेवलं.

"नवा?" ते म्हणाले.

"हो मामा."

"चांगला आहे," ते म्हणाले, आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागले.

पुढचा प्रश्न आलाच नाही. मी वाट पाहिली, बायकोने पाहिली. तिचे डोळे भरून आले आणि ती चहा करायच्या निमित्ताने आत गेली. इतक्या वर्षांत मामांनी पहिल्यांदाच मला देणगीदार म्हणून न बघता नुसता माणूस म्हणून पाहिलं होतं, आणि ते मला सहन होईना. इतकं कुणी कधी मला घाबरवलं नव्हतं. जुना फोन माझ्या पिशवीतच होता. तो काढून मी त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "मामा, जुना आणलाय. शाळेसाठी."

मामांनी उजव्या हाताने तो उचलला. उलटा करून पाहिला. खालच्या बाजूचं छिद्र अंगठ्याने चाचपलं. त्यांचे ओठ हलायला वेळ लागला, पण शब्द स्पष्ट होते.

"चार्जर आनेल शे का?"

चार्जर मी जळगावलाच विसरलो होतो. तसं सांगितलं. मामांनी फोन माझ्या हातात परत दिला आणि डोळे मिटून मान डोलावली, वर्गात गृहपाठ विसरलेल्या पोरापुढे डोलावत असतील तशी.

"मंग परत या," ते म्हणाले.

या रविवारी जायचं आहे. चार्जर कालच पिशवीत भरला. फोनचं कव्हर मात्र आठवणीने घरी विसरायचं ठरवलं आहे.